मागं बसणारी

"सांगते," असं चंद्रप्रभा म्हणाली, आणि ते इतक्या सहज तोंडातून गेलं की दारातल्या माणसानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं आणि ओट्याच्या कडेला हात टेकून जरा दम खाल्ला. मलप्पा त्याचं नाव. देगलूरच्या अलीकडच्या कुठल्याशा खेड्यातून सकाळच्या मोटारीनं तो नांदेडला आला होता, चौफाळ्याच्या वस्तीत चार ठिकाणी विचारत वसंतराव मास्तरांचं घर त्यानं शोधून काढलं होतं, आणि त्याला त्याची सासू हवी होती. सासू म्हणजे सिद्धम्मा. ती धुणं घेऊन नदीवर गेली होती. "गंगीला कालपासनं कळा लागल्यात," तो म्हणाला. "आठवाच हाय अजून. पोर आडवं हाय म्हनून राहिली सुईन. गंगीचं एकच चालू हाय, अव्वाला बोलवा, अव्वाला बोलवा." तो आता दवाखान्यातून औषध घेणार आणि मोटारीच्या अड्ड्यावर थांबणार होता. मोटार दोनला परत सुटते, दिवसातून एकच. अत्तीला, सासूला माझ्या, तेवढं तिकडं लावून द्या, लई उपकार होतील. चंद्रप्रभेनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. उभ्यानंच घटाघटा पिऊन त्यानं तांब्या ओट्यावर उपडा ठेवला, तिच्या भरलेल्या पोटाकडे नजर गेली तशी ती खाली घातली, आणि तो घाईघाईनं गल्लीच्या तोंडाकडे निघून गेला.

दार लोटून ती आत आली. एवढंसं तर काम होतं. सिद्धम्मा आली की म्हणायचं, अक्का, तुझा जावई आला होता, गंगम्माला कळा लागल्यात, अड्ड्यावर जा. पण माजघरात चार पावलं टाकेपर्यंत चंद्रप्रभेला कळून चुकलं की आपण हे सांगणार नाही. तिनं तसं ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच कुठं होता? ते आधीपासूनच आत कुठंतरी ठेवलेलं होतं आणि तिच्या हाताला ते आत्ता लागलं, इतकंच. ती खांब धरून उभी राहिली. पोटातलं मूल या कुशीवरून त्या कुशीवर वळलं, आणि चंद्रप्रभेला स्वतःचीच भीती वाटली.

चंद्रप्रभा काही वाईट बाई नव्हती. शेजारणीचं दूध उतू गेल्याचा वास आला तर आपली फोडणी खाली उतरवून धावत जाणारी होती. पण भीतीनं तिचं डोकं आता भलतंच चपळ चालायला लागलं. आठव्यातल्या कळा म्हणजे खोट्याच असायच्या. तिलाही मागच्या पंधरवड्यात दोनदा आल्या होत्या आणि ओव्याचं पाणी पिऊन थांबल्या होत्या. आडवं पोर सुईणी चोळून फिरवतात. गंगम्माला सासू असेल, जावा असतील, भोवताली सगळी तिच्याच लोकांची घरं असतील. आपल्याला कोण आहे? संध्याकाळी सांगू. उद्याही दोनला मोटार आहेच. आणि सिद्धम्मानं शब्द दिला होता तो आधी आपल्याला. गंगम्माचे दिवस दोन महिन्यांनी भरतात, तुझा सव्वा महिना उरकून मग तिच्याकडं जाते, हे तिनं स्वतःच बोटं मोजून सांगितलं होतं. कारणं सुचत गेली तसं तिला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच गुदमरायला झालं. प्रत्येक कारण खरं होतं, आणि त्यातल्या एकासाठीही ती हे करत नव्हती. खरं कारण तिच्या पाठीत होतं.

दोन वर्षांपूर्वी लातूरला, माहेरी, पहिलटकरणीचं सगळं रीतसर झालं होतं. आई होती, दोन काकू होत्या, आत्या, शेजारच्या दोघी आणि सुईण. सात बायका, आणि सातही जणी पुढं. सगळ्यांचे डोळे एका जागी लागलेले. एक म्हणायची जोर लाव, दुसरी म्हणायची आत्ता नको, तिसरी या दोघींना गप्प बसा म्हणून ओरडायची. चंद्रप्रभेच्या मागं भिंत होती, पण ती हातभर लांब होती. कळ आली की तिचं अंग मागं पडायचं आणि मागं काहीच नसायचं. त्या हातभर पोकळीत कुणीतरी येऊन उभं आहे, वाकून आपल्या मानेकडं बघतंय, असं तिला एक दिवस आणि एक रात्र वाटत राहिलं. वळून बघायला जावं तर बायका हनुवटी धरून तोंड पुढं फिरवायच्या. मुलगी झाली ती निळसर होती, आणि ती रडली नाही. मग त्या सातही जणी चंद्रप्रभेकडं पाठ करून त्या मुलीभोवती जमल्या. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. खोलीतलं बोलणं एकदम हळू झालं, त्यावरून तिचं तिनंच ओळखलं. नांदेडला परत आल्यावर ती वर्षभर भिंतीला टेकल्याशिवाय बसू शकली नाही, जेवतानासुद्धा नाही. वसंतरावांना वाटलं, हिची कंबर धरली आहे. त्यांनी वैद्याकडून तेल आणून दिलं आणि रोज लावतेस ना म्हणून चौकशी करत राहिले. ती लावते म्हणायची.

या खेपेला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. त्या उन्हाळ्यात नांदेडातली कितीतरी घरं कुलपं लावून उमरखेडकडे, हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे निघून गेली होती. संध्याकाळी मैदानात कवायती चालायच्या, दिवेलागणीनंतर लोक ओट्यावर बसेनासे झाले होते, लातूरची वाट भरवशाची उरली नव्हती, आणि हैदराबादेत काय शिजतंय याच्या रोज नव्या बातम्या यायच्या. चंद्रप्रभेच्या दोन्ही बाजूंची घरं बंद होती. वसंतराव मदरशात मुलांना उर्दूतून भूमिती शिकवायचे आणि घरी येऊन मराठीतून काळजी करायचे. हेडमास्तरांच्या बायकोनं त्यांना सिद्धम्माचं नाव सुचवलं आणि ते दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आले. साठीकडं झुकलेली, उंच, रुंद हाडाची लिंगायत विधवा. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. स्वतःचं घर असं तिला नव्हतंच. एका बाळंतिणीकडून उठली की दुसरीकडं जायची. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "मी सुईन न्हाई, माय. नाळ कापत न्हाई, पोर धरत न्हाई. मी मागं बसते." पुढचं काम गल्लीतल्या साखराबाई सुइणीचं आणि मागचं सिद्धम्माचं. नंतरचा सव्वा महिना तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचं रडणं, सगळं पुन्हा सिद्धम्माकडं. लोक तिला म्हणायचेही तेच, मागं बसणारी.

सातव्या महिन्यापासून रोज दुपारी ती चंद्रप्रभेला घेऊन बसायची. भिंतीला टेकून दोन्ही पाय पसरायची, चंद्रप्रभेला मध्ये बसवून तिची पाठ आपल्या छातीशी घ्यायची, आणि श्वास घ्यायची. दुसरं काही नाही. एकच नेम होता. चंद्रप्रभेनं मधूनच "अक्का" म्हणायचं आणि सिद्धम्मानं "हं" म्हणायचं. वळून बघायचं नाही. "तोंड बघून काय करतीस," ती म्हणायची, "तोंड फसवतंय. पाठीला फसवता येत न्हाई." पहिल्या दिवशी चंद्रप्रभा तिच्या अंगावर रेलली आणि तिला रडूच कोसळलं, दोन वर्षांचं. सिद्धम्मानं का रडतेस म्हणून विचारलं नाही. दोन महिन्यांत चंद्रप्रभेला तिचा श्वास, मिसरीचा वास, मणक्याला टोचणारी ती चांदीची डबी इतकी ओळखीची झाली की झोपेतही तिनं ती पोटावरची हातांची घडी ओळखली असती. चेहरा मात्र, डोळे मिटून आठवू म्हटलं तर धड आठवायचा नाही. तशी गरजही कधी पडली नव्हती.

दीडच्या सुमाराला सिद्धम्मा नदीवरून आली. ओलं धुणं खांद्यावर, पाय घोट्यापर्यंत वाळूनं माखलेले. ओट्यावरचा उपडा तांब्या उचलून तिनं विचारलं, "कोन आलतं?"

"वाटसरू होता कुणी. पाणी मागितलं," चंद्रप्रभा म्हणाली.

म्हणताना तिनं तांदळाच्या ताटातून मान वर केली नाही. आत्ता, या घटकेला, अजून वेळ होता. अड्डा काही लांब नव्हता; सिद्धम्मासारखी लांब टांगांची बाई लुगड्याचा काचा मारून निघाली असती तर पाव तासात पोचली असती. चंद्रप्रभेनं एक खडा वेचला, दुसरा वेचला. सिद्धम्मानं वलणीवर धुणं घातलं, हातपाय धुतले, विभूती लावली, दोन घास भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकून पाय पसरले. ये म्हणाली. चंद्रप्रभा जाऊन बसली. पाठीला डबी टोचली, श्वास सुरू झाला, आणि कचेरीच्या आवारातली घंटा वाजली. एक. मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून औषधाची बाटली हातात धरलेला मलप्पा रस्त्याकडं बघतोय. दोन. ड्रायव्हर त्याच्यावर खेकसतोय. त्या दुसऱ्या टोल्याला चंद्रप्रभेची पाठ लाकडासारखी ताठ झाली.

"काय झालं?" सिद्धम्मानं मागून विचारलं. काही नाही, मूल फिरलं, असं ती म्हणाली. सिद्धम्मानं तळहात चंद्रप्रभेच्या खांद्याच्या पात्यांमध्ये ठेवला आणि तिथंच ठेवून दिला, वैद्य नाडीवर ठेवतो तसा. त्या हाताखाली चंद्रप्रभेला घाम फुटला. अक्का म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी वसंतराव आले. अमुक वकिलाचं कुटुंब काल निघून गेलं, तमक्याचं दुकान बंद झालं, असं सांगत बसले. त्यांना सांगितलं असतं तर त्या सरळ माणसानं बैलगाडी जुंपून सिद्धम्माला लावून दिलं असतं, म्हणून चंद्रप्रभा तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. सिद्धम्मा चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता ती आपणहून म्हणाली की आज सकाळपासून गंगी सारखी आठवून राहिली, लहानपणी ही पोर झोपेत चालायची, एकदा विहिरीच्या कठड्यापाशी सापडली. चंद्रप्रभा उठून परसात गेली आणि उगाच तुळशीपाशी उभी राहिली. तिथं तिला वाटलं, आत्ता आत जाऊन सांगावं. पण मोटार गेली होती, आता सांगून अक्काचा जीव रात्रभर टांगणीला लावण्यात काय अर्थ, असंही लगेच वाटलं. हेही कारण खरंच होतं.

पहाटे तिच्याच कळा सुरू झाल्या. वसंतराव साखराबाईला घेऊन आले. ती ठेंगणी, बडबडी सुईण होती. एका हातानं पदर खोचत आणि दुसऱ्यानं विळा तापवत तिनं सूर्य वर यायच्या आत घर ताब्यात घेतलं. सिद्धम्मा मागं जाऊन बसली. सुरुवातीला सगळं शिकल्याप्रमाणं झालं. कळ कमरेतून उठायची, चंद्रप्रभा मागं पडायची, आणि मागं माणूस होतं. रुंद, उबदार, न हलणारं. "अक्का." "हं." लातूरची ती पोकळी बुजली होती, तिथं कुणी उभं नव्हतं, आणि पहिले दोन तास चंद्रप्रभेला एवढ्या वेदनेतही एक नवलाचं सुख वाटलं. मी हिला ठेवून घेतलं, असं तिच्या मनात आलं. ठेवून घेतलं म्हणून ही आहे. मग कळ ओसरायची आणि दुसरी बाई दिसायची, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. झोपेत चालणारी. ती एका अंधाऱ्या खोलीत अव्वा म्हणायची आणि तिला कुणी हं म्हणायचं नाही. पुढची कळ आली की चंद्रप्रभा अक्का म्हणायची, आणि हं आलं की ते आपण कुणाच्या तरी तोंडचं काढून घेतलंय असं तिला वाटायचं. असं वाटलं की अंग आवळायचं, आणि अंग आवळलं की कळ वाया जायची.

दुपार चढली. साखराबाईची बडबड कमी झाली, हे चंद्रप्रभेच्या ध्यानात आलं. लातूरलाही असंच हळूहळू बोलणं कमी झालं होतं. मूल खाली सरकत नव्हतं. साखराबाईनं हात धुतले आणि दाराआडच्या वसंतरावांना फर्मान सोडलं की घरातली सगळी कुलपं उघडा आणि सगळ्या गाठी सोडा. बाळंतीण अडली की घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही, ही रीतच होती. वसंतराव एरवी असल्या गोष्टींना हसायचे. आज ते पळत सुटले. संदूक उघडली, कोठी उघडली, परसदाराची कडी काढली. रहाटाचा दोर सोडला तो घागरीसकट विहिरीत गेला. वलणी सोडली, कालचं धुणं मातीत पडलं. शिंकं सोडलं, पुस्तकांचं बासन सोडलं, स्वतःची शेंडी सोडली, आणि जानव्याची ब्रह्मगाठ सोडू का असं त्यांनी बाहेरून रडवेल्या आवाजात विचारलं. ती राहू द्या, साखराबाई म्हणाली. तिनं चंद्रप्रभेची वेणी मोकळी केली. आता घरात कुठं काही बांधलेलं राहिलं नाही ना, असं तिनं पुन्हा विचारलं, आणि राहिलं नाही, असं उत्तर आलं. चंद्रप्रभा डोळे मिटून ते ऐकत होती. कोठी, संदूक, दोर, वलणी. घर एकेक करून सुटत चाललं होतं आणि ते सुटणं तिच्याभोवती आवळत येत होतं.

सिद्धम्मा पुढं वाकली. तिचं तोंड चंद्रप्रभेच्या कानाशी आलं. "घरातल्या सगळ्या सुटल्या, माय," ती हळूच म्हणाली. "तुझ्या पाठीत एक गाठ हाय. काल दुपारपासनं हाय. काय धरून बसलीस?"

दीड तरी वाजला असेल. आजची मोटार अजून अड्ड्यावर उभी असेल. सांगितलं तर ही उठेल, आणि मागं पुन्हा ती हातभर पोकळी येईल, आणि तिथं उभं राहायला जे कुणी दोन वर्षं वाट बघतंय ते येईल. नाही सांगितलं तर पुन्हा तो निळसर रंग, पुन्हा बायकांच्या पाठी. चंद्रप्रभेला दोन्ही स्वच्छ दिसलं. तिला मूल हवं होतं. जिवंत, रडणारं, लाल मूल हवं होतं, आणि ते आपल्याच मुठीत आवळून धरलंय असं तिला वाटायला लागलं. तिनं पुढं साखराबाईकडं बघत, मागच्या माणसाला सांगितलं.

"काल तुझा जावई आला होता. गंगम्माला कळा लागल्यात. पोर आडवं आहे. तुला बोलावते आहे ती."

मागचा श्वास थांबला. पाठीला लागलेली चांदीची डबी वर यायची, खाली जायची; ती जिथं होती तिथं राहिली. साखराबाईचे हात जागीच थांबले आणि ती चंद्रप्रभेच्या खांद्यावरून मागं बघायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यावरून मागच्या चेहऱ्यावर काय असेल ते चंद्रप्रभेनं ओळखलं. तिच्या पोटावर दोन हात होते. रुंद, कामानं टणक झालेले, मागून येऊन बेंबीखाली गुंफलेले. या हातांनी आता काय केलं तरी आपल्याला काही म्हणता येणार नाही, असं तिच्या मनात आलं.

"कवा आलता?" सिद्धम्मानं विचारलं.

"दोनच्या मोटारीच्या आधी. तू नदीवर होतीस."

कळ उठली. आणि कळ उठली तसे ते हात सुटले नाहीत, उलट आवळले, चंद्रप्रभेची पाठ त्यांनी आपल्या छातीत ओढून घेतली, इतकी की डबीची कड कातडीत रुतली, आणि सिद्धम्मा तिच्या कानात ओरडली, "ढकल आता." तो आवाज मायेचा नव्हता. त्यात दुसऱ्याच कुणासाठी असलेला जोर होता. चंद्रप्रभेचं अंग कालपासून पहिल्यांदा मोकळं झालं, कंबर उघडल्यासारखी झाली, आणि मग तिला फक्त साखराबाईचा आवाज, घंटेचे दोन टोले, आणि आपल्याच घशातून निघणारा एक जनावरासारखा सूर एवढंच ऐकू आलं. मुलगा झाला. लाल होता. त्यानं हात झाडून असा टाहो फोडला की बाहेर वसंतराव मटकन खालीच बसले.

त्या दिवशीचं सगळं काम सिद्धम्मानं केलं. पोट बांधलं, धुरी दिली, बाळंतशोपा खायला लावल्या, गुळाचं गरम पाणी पाजलं. पण चंद्रप्रभेनं तीनदा "अक्का" म्हटलं आणि तिन्ही वेळा काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळभर तिनं साखराबाईला समजावून सांगितलं, काय खायला द्यायचं, कधी शेकायचं, पोराच्या टाळूला तेल किती. मग विहिरीवर जाऊन तिनं हात धुतले, कितीतरी वेळ, आणि दोनच्या मोटारीनं गेली. वसंतरावांनी झालं ते ऐकलं होतं. ते मुलाच्या पाळण्याची दोरी नीट करत राहिले.

मग नुसती भिंत. बाळंतिणीच्या खोलीत चंद्रप्रभा चुन्याच्या गार भिंतीला टेकून बसायची, मुलगा प्यायचा, झोपायचा, हातपाय ताणून जांभया द्यायचा, आणि तिला त्याचा आनंद व्हायचा. होत होता, खोटं कशाला? कधी कधी घटकाभर ती सगळं विसरूनसुद्धा जायची. मग वाऱ्यानं दार हललं की कोण आलं म्हणून तिची नजर तिकडं जायची. देगलूरकडच्या वाटेवर मोटारी अडवतात म्हणे, मध्ये दोन दिवस तर आलीच नाही म्हणे, अशा बातम्या साखराबाई आणायची. गंगम्माचं कुणालाच माहीत नव्हतं. चंद्रप्रभेनं मनातल्या मनात गंगम्माला सुखरूप बाळंत केलं, एकदा नव्हे, पन्नासदा. पोर सुईणीनं फिरवलं. आई वेळेत पोचली. आता सिद्धम्मा तिचा सव्वा महिना करते आहे, म्हणून इकडं येत नाही, ते बरोबरच आहे, तिनं तिकडंच राहावं. असं म्हणून ती मुलाला छातीशी धरायची आणि तिची पाठ पुन्हा भिंतीवर ताठ व्हायची.

अकराव्या दिवशी सकाळी न्हाणं झालं. साखराबाई परसात धुरीची शेगडी विझवत होती. चंद्रप्रभा ओले केस पाठीवर सोडून पाटावर बसली होती आणि मुलगा पाळण्यात झोपला होता, तेव्हा सिद्धम्मा आत आली. ती वाळली होती. चेहरा चंद्रप्रभेला पहिल्यांदाच नीट दिसला. साधाच होता, कपाळाला विभूती, ओठ फुटलेले. हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं. तिनं ते चंद्रप्रभेच्या मांडीवर ठेवलं आणि उघडलं. आत मूठभर मुलगी होती. म्हातारीसारखी सुरकुतलेली, नखंसुद्धा धड न आलेली, डोळे उघडे.

"शेळीचं दूध ठरत न्हाई हिला," सिद्धम्मा म्हणाली. "तिकडं दोघीतिघींनी पाजलं, त्याबी आता न्हाई म्हनून राहिल्या. पाज."

जात, सोयर, लातूरची आई, काही म्हणजे काही चंद्रप्रभेच्या मनात आलं नाही. तिनं पदर सारला. मुलीला तोंडात घेता येईना; चंद्रप्रभेनं बोटानं चार थेंब तिच्या ओठावर पाडले, मग आणखी चार. सिद्धम्मा फिरून तिच्या मागं गेली, खाली बसली, दोन्हीकडून पाय पसरले आणि तिची ओली पाठ छातीशी घेतली. चंद्रप्रभेला विचारायचं नव्हतं. तरी तिनं विचारलं, "गंगम्मा?"

"आमच्यात मेलेल्या मानसाला बसवत्यात," मागून आवाज आला. "मी पोचले तवा तिला बसवलं होतं. भिंतीला टेकवून, फुलं घालून. मी मागं जाऊन बसले. मग लोकांनी मला उठवलं."

मुलीच्या हिरड्या लागल्या. लागल्या त्या सुटेनात. एवढ्याशा जिवात इतकी ताकद असेल असं चंद्रप्रभेला वाटलं नव्हतं. दूध खाली उतरलं तशी तिच्या पोटात, जिथं आता काही नव्हतं तिथं, एक कळ उठली, अगदी त्या दिवशीसारखी, आणि ती कण्हली. रडावं, काहीतरी बोलावं, पाय धरावेत असं तिला वाटलं, पण पाय तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते, आणि मांडीवर मूल होतं, आणि बोलण्यासारखं काही या जगात शिल्लक आहे असं तिला दिसेना. दूध मुलीच्या गालावरून ओघळत होतं. सिद्धम्मानं मागूनच हात पुढं करून ते बोटानं निपटलं आणि पुन्हा तिच्या तोंडात घातलं.

पाळण्यात मुलगा जागा झाला. आधी कुरकुरला, मग रडायला लागला, भुकेचं रडणं, तिला आता ओळखता येणारं. दुसरी छाती त्या आवाजासरशी भरून आली आणि चोळी भिजली. चंद्रप्रभा उठायला लागली. तिच्या खांद्यांवर मागून दोन हात आले. त्यांनी दाबलं नाही, ओढलं नाही, ते नुसते ठेवले होते.

"हिचं होऊ दे आधी," सिद्धम्मा म्हणाली.

चंद्रप्रभा बसून राहिली. मुलगी सावकाश, थांबत थांबत पीत होती, आणि पाळण्यात तिचा मुलगा रडत होता.